कच्च्या टाक्याचे पान

मास्तरांनी मला नाव विचारण्याआधी माझ्या समोरचा मॉनिटर मोजला. गळ्यातली टेप काढून त्यांनी ती काचेच्या एका कोपऱ्यापासून विरुद्ध कोपऱ्यापर्यंत तिरकी धरली आणि आकडा मला वाचायला लावला. सोळा इंच भरले.

"खोक्यावर काय लिवलंय?"

खोक्यावर सतरा लिहिले होते.

"मंग एक इंच गेला कुठं? सांगा. सायन्सवाल्या ना तुमी?"

मी फिजिक्स घेऊन नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि जुन्नरच्या बाजारपेठेतील या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवण्याची जागा मागायला आले होते. काचेची कड प्लास्टिकच्या चौकटीखाली दडलेली असते आणि कंपनी तीही मापात धरते, असे मी सांगितले. मास्तरांनी चौकटीच्या फटीत नख घालून खात्री करून घेतली.

"चार वर्सं हरेकाला इचारतोय. समदे म्हणत्यात, कंपनीनं फसवलं. फट कुणी बघितली न्हाई. उद्यापास्नं या."

माझी मुलाखत एवढीच झाली. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षे उलटली होती. गावात मोबाईल आले होते, पण इंटरनेट अजून टेलिफोनच्या तारेतून किरकिरत येई. पुण्यातील एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत शिरायचे हे माझे ध्येय ठरलेले होते, आणि हा क्लास म्हणजे त्या वाटेवरचा एक थांबा, असा माझा हिशेब होता.

मास्तर मूळचे शिंपी. अर्धे आयुष्य त्यांनी याच गाळ्यात कोट आणि सफारी शिवले. तयार कपड्यांची दुकाने वाढली तेव्हा त्यांनी चार शिलाई मशिने विकली आणि त्या पैशांत सहा जुने कॉम्प्युटर आणले. लोक त्यांना आधीपासून मास्तर म्हणतच होते, त्यामुळे धंदा बदलला तरी नाव बदलावे लागले नाही. टेपही गळ्यातच राहिली. कात्री ठेवायच्या फळीवर आता सीडींची चळत असे. इंग्रजी त्यांना बेताचेच येई. पण वेब पानाची रचना ठरवणारे नियम, म्हणजे रंग कोणता, अक्षर केवढे, कडेला जागा किती, हे सगळे त्यांनी कापडाच्या अंगाने समजून घेतले होते आणि त्याबद्दल त्यांची ठाम मते होती. मार्जिन या शब्दावर तर त्यांचा कायमचा राग होता.

"कापडात मार्जिन आतल्या अंगाला असती. हितं भाईर ठिवलीया. ज्यानं ह्ये केलं, त्यानं जल्मात कधी बटण लावलं नसंल."

सहापैकी पाच यंत्रे चालत. डिझाइनचे मोठे सॉफ्टवेअर उघडायला घेतले, की समोरच्या टपरीवरून चहा येऊन संपला तरी पडद्यावर नुसते घड्याळ फिरत असे. यावर मास्तरांकडे जो उपाय होता तो अक्षरशः एका ओळीचा होता. जावास्क्रिप्टची ती लांबलचक ओळ त्यांना पुण्यातल्या कुणी ओळखीच्याने कागदावर छापून दिली होती. ब्राउझरमध्ये आपण आवडत्या पानाचा पत्ता साठवून ठेवतो. तिथे पत्त्याऐवजी ही ओळ साठवायची. मग कोणतेही पान उघडून तिच्यावर क्लिक केले, की कोपऱ्यात एक पांढरी चौकट उमटे. त्या चौकटीत नियम लिहू लागावे, आणि लिहिता लिहिताच मागचे पान त्याप्रमाणे बदलताना दिसे. काही बसवावे लागत नसे, यंत्रावर भार पडत नसे. बदल मात्र आपल्या एकट्याच्या पडद्यापुरता असे. मूळ फाइल जिथे असेल तिथे जशीच्या तशी राही, आणि पान रिफ्रेश केले की केलेले सगळे नाहीसे होई.

मास्तर याला 'ट्रायल' म्हणत. "गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचं, कच्चा टाका घालायचा, लांबून बघायचं, उसवायचं. पटलं तर मशीन."

त्यासाठी त्यांनी क्लासमध्ये एक शिस्त घातली होती. प्रत्येकाजवळ वही हवी. चौकटीत काही बदलले, की आधी काय होते, आता काय केले आणि का केले, हे वहीत पेनाने उतरवायचे. ते तपासण्याची त्यांची रीत मात्र विलक्षण होती. विद्यार्थी तल्लीन झालेला असताना ते मागून येत, खांद्यावरून हात घालून रिफ्रेशची कळ दाबत आणि म्हणत, "उसवला टाका. घाल आता पुन्यांदा." वही असेल त्याचे पान दहा मिनिटांत परत उभे राही. नसेल त्याची दुपार जाई. एका मुलीने वैतागून कीबोर्डवरची ती कळच उपसून पर्समध्ये टाकली. मास्तरांनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि दुसऱ्या दिवशी माउसने रिफ्रेश केले.

मला ही पद्धत मनापासून पटत होती. प्रयोगशाळेत आम्हीही वाचन घेतले की लगेच नोंदवत असू. पण ती नवख्यांसाठी आहे, असे मी मनोमन ठरवून टाकले होते.

कच्च्या टाक्याबद्दल एवढे कडक का, असे कुणी विचारले तर मास्तर एका नवरदेवाच्या कोटाची गोष्ट सांगत. ट्रायलचा कोट चुकून तयार म्हणून गेला आणि भर लग्नात बाही निखळली. एकदा ती बाही मंगलाष्टकांच्या वेळी निखळे, एकदा घोड्यावर, एकदा सासऱ्याला मिठी मारताना. मी एकदा अडवून विचारले, "मास्तर, यातलं नक्की खरं कोणतं?"

"बाही खरी," ते म्हणाले आणि मोडेमला डायल करू लागले.

त्या हिवाळ्यात मला पुण्याच्या एका कंपनीचे मुलाखतीचे पत्र आले. सोमवारी बोलावले होते. येताना स्वतः तयार केलेल्या, इंटरनेटवर चालू असलेल्या एका वेबसाइटचा पत्ता आणावा, अशी अट होती. माझ्याकडे अशी एकच साइट होती. डिंगोऱ्याच्या बाजूच्या एका शाळेचे काम क्लासकडे आले होते आणि मास्तरांनी ते पूर्णपणे माझ्यावर सोपवले होते. मजकूर भरून एक साधे, पांढरे पान मी आधीच इंटरनेटवर चढवून ठेवले होते. रंगरूप ठरवायला संस्थेची माणसे बुधवारी क्लासमध्ये येणार होती. ते ठरले की माझी साइट तयार होती, आणि साइट तयार झाली की पुण्याचा दरवाजा निदान ठोठावता येणार होता.

बुधवारी तिघे आले. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा तालुका अण्णा म्हणे, शाळेचे मुख्याध्यापक, आणि मंचरच्या बाजारात बटाट्याची अडत असलेले एक शेठ. मी पान उघडले, ओळीवर क्लिक केले आणि विचारले, "वरची पट्टी कोणत्या रंगात हवी?"

"हिरवी," अण्णा म्हणाले. मी अंक लिहिले. पट्टी हिरवी झाली.

तिघेही खुर्च्या पुढे ओढून बसले. त्यानंतरचे दोन तास माझ्या आयुष्यातील अत्यंत सुखाचे होते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. शाळेचे नाव मोठे हवे, झाले. संस्थापकांचा फोटो या बाजूला, झाला. अण्णांच्या तोंडून शब्द निघायचा अवकाश, पडद्यावर ते घडे. "आयला, शेठ, ही पोरगी काय येडी न्हाई! आपुन बोलतोय आन् त्ये व्हतंय!" वही माझ्या डाव्या हाताला होती. ती मी उघडली नाही. दर वेळी थांबून लिहून घेणारी मुलगी कारकून दिसली असती, आणि मला त्या क्षणी कारकून दिसायचे नव्हते. मास्तर दाराशी स्टुलावर बसून सगळे पाहत होते.

"बास. असंच ठिवा," अण्णा म्हणाले. मी "हो" म्हणाले.

ते गेले आणि चारच्या ठोक्याला भारनियमनामुळे वीज गेली. पान गेले. मी फारशी डगमगले नाही. आकडे साधारण लक्षात होते, शनिवारी निवांत बसून फाइलमध्ये लिहू आणि चढवू, असे मी ठरवले. तोवर पान कोण पाहणार होते?

अण्णांनी पाहिले. शुक्रवारी ते मंचरला त्यांच्या व्याह्यांकडे गेले होते. जेवणे झाल्यावर ते व्याह्यांना, जावयाला आणि आणखी दोन पाहुण्यांना घेऊन तिथल्या इंटरनेट कॅफेत गेले आणि म्हणाले, लाव रे आमची शाळा.

शनिवारी दहा वाजता ते क्लासच्या दारात उभे होते.

"माझ्या व्याह्यापुढं माझं हसं केलं तुमी! म्हणलं बघा, हिरवीगार शाळा. आन् निघालं काय? पांढरं फटक, दवाखान्याच्या कागदावानी! दाखवलं एक आन् घातलं दुसरंच!"

"अण्णा, चा घ्या," मास्तर म्हणाले.

"चा नको मला!"

"मंग पाणी घ्या. घसा बसंल."

"मास्तर, चेष्टा नको. सोमवारी सकाळी त्ये पान उतरवून टाका. आमी पुण्याच्या मान्साला देतो काम." आणि माझ्याकडे न पाहता ते गेले.

सोमवारी सकाळी पान उतरले असते तर सोमवारी दुपारी माझ्याकडे दाखवायला काही उरले नसते. मी ताबडतोब कॉम्प्युटर सुरू केला. आठवेल तसे अंक लिहून आत्ताच्या आत्ता चढवावे आणि अण्णांना फोन करावा, ही सरळ वाट होती. मास्तरांनी मागून येऊन मॉनिटरचे बटण बंद केले.

मला संताप आला. "बुधवारी तुम्ही दारात बसून पाहत होता. मी वही उघडली नाही हे तुम्हाला दिसत होतं. का बोलला नाहीत?"

"कापड तुझं व्हतं."

"हे उत्तर झालं का, मास्तर?"

ते स्टूल ओढून समोर बसले. "बोललो असतो तर तू वही काढली असतीस. पर अण्णाला सांगितलं असतंस का, की ह्ये कच्चं हाय म्हणून?"

मी विचार केला. मी प्रश्नाचे उत्तर शोधताना स्वतःशी खोटे बोलत नाही, एवढी सवय मला विज्ञानाने लावली आहे. उत्तर 'नाही' असे होते. वही न उघडणे हा आळस होता. पण न सांगणे हा मी घेतलेला निर्णय होता. त्या तिघांना ती जादू वाटत होती आणि मला ती वाटू द्यायची होती.

"लिवायचं राहिलं, त्याला मी चूक म्हणत न्हाई. लाइट गेली, टाका गेला, पुन्यांदा घालता येतो," मास्तर म्हणाले. "पर त्यो मानूस तुझा कच्चा कोट घालून व्याह्याच्या दारात गेला. त्याला कुणी सांगितलंच न्हाई. आता चढवून फोन केलास तर त्याला वाटंल, दम दिला म्हणून केलं. जा, आधी सांगून ये."

"आणि त्यांनी ऐकलंच नाही तर?"

"तर सोमवारी पुण्यात मोकळ्या हातानं जाशील. पर खरं सांगून जाशील."

रविवारी पहिल्या एस.टी.ने मी डिंगोऱ्याला गेले. अण्णा शेतातल्या कांद्याच्या बराखीपाशी, साठवलेल्या कांद्यातून नासके निवडत बसले होते.

"आता काय दाखवाया आलीस?"

"दाखवायला नाही, अण्णा, सांगायला आले. बुधवारी जे पाहिलंत ते पक्कं नव्हतं. त्या एका कॉम्प्युटरच्या पडद्यापुरतं होतं. मला ते माहीत होतं. मी सांगितलं नाही."

"का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही सगळे वा वा करत होतात. मला बरं वाटत होतं."

अण्णांनी हातातला कांदा दाबून पाहिला आणि बांधापलीकडे भिरकावला. "व्याही बी तसंच म्हणला. म्हणला, अण्णा, तुमाला वा वा ऐकायचं व्हतं, म्हणून सगळ्यास्नी घिऊन आलात." मग ते उठले. "चल. लाइट एक वाजेपतुर हाय शाळेत."

मुख्याध्यापक आणि शेठ यांना निरोप गेले आणि साडेदहाला आम्ही चौघे शाळेच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरसमोर होतो. मास्तरांची ओळ मी येताना वहीत उतरवून आणली होती; ती अक्षर अक्षर लिहून साठवली. चौकट उघडली. मी म्हणाले, "बुधवारसारखं करू. पट्टी हिरवी. कोणता हिरवा होता?"

"हरभऱ्याचा," शेठ म्हणाले.

"ओ शेठ, हरभरा कसला? कोथिंबीर व्हती ती!" मुख्याध्यापक म्हणाले. "आणि फोटो डावीकडे होता."

"उजवीकडं, गुर्जी. मी सवता सांगितलं व्हतं," अण्णा म्हणाले.

तिघांच्या डोक्यात तीन निराळी पाने होती आणि माझ्या डोक्यात चौथे. आकडे साधारण लक्षात आहेत, या माझ्या विधानाची किंमत मला तिथे कळली. शनिवारी मी जे चढवले असते ते यांपैकी कुणाचेच नसते.

मी उठले आणि अण्णांना माझ्या खुर्चीत बसवले. "हे तीन आकडे आहेत, अण्णा. तांबडा, हिरवा, निळा किती मिसळायचा ते. तुम्हीच बदला."

"मी? माझी बोटं बघ केवढी हाईत."

पण त्यांनी बदलले. एका बोटाने, एक आकडा खोडून दुसरा घालत, ओठ मिटून. गडद, फिकट, पुन्हा गडद. वीस मिनिटे कुणी त्यांना घाई केली नाही. मग ते मागे रेलले. "ह्यो. कांद्याच्या पातीचा. सकाळच्या उन्हातला."

कोथिंबिरीचा आग्रह धरणाऱ्या मुख्याध्यापकांनीही मान डोलावली. रंग खरोखर सुंदर होता.

"आता ही कळ दाबा," मी म्हणाले.

त्यांनी दाबली. पान पांढरे झाले. अण्णा पडद्याकडे आणि मग स्वतःच्या बोटाकडे पाहत राहिले.

"गेलं?"

"गेलं. बुधवारीही असंच गेलं होतं."

मला वाटले, आता ते भडकतील. ते वळले ते मुख्याध्यापकांकडे. "गुर्जी, बघत काय बसलाय? वही काढा! मघाशी आकडं काय व्हतं? शेठ, तुमी म्हणा."

दुसऱ्यांदा घातलेला प्रत्येक नियम मुख्याध्यापकांच्या सुंदर अक्षरात कागदावर उतरला. फोटो उजवीकडे गेला, आणि तो उजवीकडे का, तेही अण्णांनी लिहायला लावले. पाऊण वाजता मी सगळे फाइलमध्ये घालून, शाळेच्या टेलिफोनवरून जोडणी करून चढवले आणि पान नव्याने उघडले. हिरवे. पुन्हा रिफ्रेश केले. हिरवेच.

"हितं दिसतंय त्याला काय करायचंय?" अण्णा म्हणाले. "क्लासात बुधवारी बी दिसत व्हतं." जोडणी तोडून त्यांनी टेलिफोन मोकळा करायला लावला आणि मंचरच्या त्या कॅफेवाल्याला फोन केला. "हां, मीच. लाव आमची शाळा. लागली? रंग कसलाय?… निळसर?" त्यांनी माझ्याकडे भुवया उंचावून पाहिले, मग फोनमध्ये ओरडले, "काच पूस आधी तुझी! आता? … हां. पातीचा ना? न्हाई, नुसता हिरवा म्हणू नको, पातीचा म्हण!"

फोन ठेवून ते म्हणाले, "न्हाई उतरवायचं."

सोमवारी पुण्यात समोर तिघे बसले होते. त्यांनी पत्ता लिहून पान उघडले. काही तांत्रिक प्रश्न झाल्यावर एकाने हिरव्या रंगाबद्दल विचारले. अशा साइटवर सहसा असा रंग कुणी निवडत नाही, असे तो म्हणाला. तो अध्यक्षांनी स्वतः कीबोर्डवर बसून ठरवला आहे, असे मी सांगितले. ग्राहकाला कीबोर्ड का दिला, असा पुढचा प्रश्न आला. तेव्हा मी बुधवारपासून रविवारपर्यंत जे घडले ते क्रमाने, माझा वाटा न वगळता सांगितले. ते ऐकून घेत राहिले. कुणाच्या चेहऱ्यावरून काही अंदाज बांधता येईना. कळवतो, म्हणाले.

मी जुन्नरला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. क्लासच्या दारावर पुठ्ठ्याची एक पाटी टांगलेली होती. मास्तरांचे अक्षर: 'शिकवायला पाहिजे. सायन्सची असल्यास बरे.'

शेजारच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराने मला पाटीसमोर उभे पाहिले. "ती व्हय? शनिवारीच लावलीया. अण्णा शिव्या घालून गेलं, तुमी घरी गेलात, तवा लगीच. मी म्हणलं, मास्तर, काढलं का काय पोरीला? तर म्हणाले, ती कुठं ऱ्हातीय आता, पुण्याला जाणार."

आत मास्तरांच्या समोर एक मुलगी अवघडून बसली होती. तिच्या पुढ्यात कोरी वही होती.

"मास्तर, निकाल अजून लागला नाही," मी म्हणाले.

"त्यो त्यांचा लागंल तवा लागंल. ही उद्यापास्नं येतीया." त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवले. "हिला पयलं काय सांगशील?"

पिशवी खाली ठेवून मी तिच्या शेजारी बसले आणि तिला बुधवारची हकिकत सांगू लागले.